घरचे आरोग्य : ‘ड’ जीवनसत्त्व कोणाला किती?

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या सुनेला पाचवा महिना लागला आहे. नेहमीच्या तपासण्यांबरोबर रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्वाचीही तपासणी झाली आणि आकडा निघाला 14. अहवालावर ‘योग्य प्रमाण 30 ते 100’ असे छापलेले असल्याने घरात काळजीचे वातावरण आहे. इंग्लंडात नोकरीनिमित्त राहणाऱ्या त्यांच्या भाच्याचा आकडा तर 9 च होता. बाई विचारतात, “थंड देशात ऊन नाही म्हणून तूट आली, हे समजते. पण आमच्याकडे आठ महिने ऊन डोक्यावर तापत असताना येथेही तूटच, हे कसे? आणि गोऱ्या माणसांकरिता ठरविलेला आकडा आमच्या सुनेला लागू पडतो काय?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी, आणि तेही नाशिकात, मिळालेले आहे. दुसऱ्यावर शास्त्रज्ञांचा वाद अद्याप चालू आहे. परंतु त्या वादातून जेवढे निष्पन्न झाले आहे, तेवढे गृहिणीच्या कामी येण्याजोगे आहे.

‘ड’ हे खरे पाहता नावापुरतेच जीवनसत्त्व. इतर बहुतेक जीवनसत्त्वे अन्नातून घ्यावी लागतात; हे मात्र आपली त्वचा स्वतः तयार करते. त्यासाठी उन्हातील एक विशिष्ट अंश, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण, उघड्या त्वचेवर पडावे लागतात. त्वचेत तयार झालेले द्रव्य आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात जाते, व दोन्ही ठिकाणी थोडे थोडे पालटून कार्यक्षम होते. रक्ततपासणीत दिसतो तो यकृतातून बाहेर पडलेल्या रूपाचा आकडा. एका मिलिलिटरमध्ये किती नॅनोग्रॅम, असे त्याचे माप असते. या द्रव्याचे मुख्य काम म्हणजे अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषून घेण्यास साहाय्य करणे. ते काम अडले की वाढत्या मुलाची हाडे मऊ राहतात, पायांना बाक येतो, मनगटे जाड होतात, टाळू वेळेवर भरत नाही. यालाच आपण मुडदूस म्हणतो. वाढ पुरी झालेल्या माणसास मुडदूस होत नाही, पण हाडे ठिसूळ न होता मऊ पडतात आणि दुखू लागतात. स्त्रियांच्या बाबतीत याचा परिणाम फार घातक होई. कमरेच्या हाडांचे कडे दबून जन्ममार्ग अरुंद होई आणि बाळंतपणात माता व मूल दोघेही दगावत.

सतराव्या शतकातील इंग्लंडात हा रोग इतका बोकाळला होता की, 1645 मध्ये डॅनियल व्हिस्लर याने त्यावर प्रबंध लिहिला आणि 1650 मध्ये फ्रान्सिस ग्लिसन याने स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. कारण मात्र कोणासच ठाऊक नव्हते. पुढे गिरण्यांच्या धुराने शहरे झाकोळली तसा रोग वाढला. 1890 मध्ये थिओबाल्ड पाम या इंग्रज डॉक्टराने एक साधी गोष्ट केली. तो स्वतः जपानात राहून आला होता आणि तेथे त्याला मुडदूस दिसला नव्हता. त्याने निरनिराळ्या देशांतील मिशनरी डॉक्टरांना पत्रे घालून विचारले की, तुमच्याकडे हा रोग कितपत आहे? उत्तरे जुळविल्यावर त्याला आढळले की, जेथे ऊन भरपूर तेथे मुले गरिबीतही सरळ पायांची, आणि जेथे धूर व काळोख तेथे खात्यापित्या घरची मुलेही वाकलेल्या पायांची. त्याने मुलांना ऊन द्या असे स्पष्ट लिहिले. त्याच्याकडे तीस वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. 1919 मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की याने दिव्याच्या जंबुपार किरणांनी मुडदूस बरा करून दाखविला; एका हातावर किरण सोडले तरी दुसऱ्या हाताची हाडेही भरून आली. त्याच वर्षी मेलनबी याने कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण सिद्ध केला. ‘ड’ हे नाव 1922 मधील, मॅकॉलम याने दिलेले.

आणि याच 1922 साली नाशिकचे काम प्रसिद्ध झाले. हचिसन आणि शहा या दोघा संशोधकांनी तेथील मुले व स्त्रिया तपासल्या. आहाराची टंचाई हेच रोगाचे कारण असते, तर तो शेतमजुरांच्या झोपड्यांत दिसावयास हवा होता. दिसला तो नेमका उलट ठिकाणी. ज्या सुखवस्तू मुसलमान आणि वरिष्ठ जातीच्या हिंदू घरांत स्त्रिया पडद्यात राहत आणि लहान मुलेही त्यांच्याबरोबर माजघरातच वाढत, तेथे दूधतूप असूनही मुडदूस आणि अस्थिमृदुता होती. दिवसभर शेतात राबणाऱ्या गरीब बायकांची मुले कदान्न खाऊनही त्यातून सुटलेली होती. गाव एक, ऊन एक, वंशही बहुतांशी एकच. फरक होता तो उंबरठ्याच्या आत किंवा बाहेर असण्याचा.

काश्मिरात श्रीनगर येथे स्त्रियांच्या रुग्णालयात काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनीही हेच पाहिले. सरोवरावर नावांतून राहणाऱ्या, उघड्यावर वल्ही मारणाऱ्या स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होत. शहरातील पडदानशीन स्त्रियांची मात्र हाडे दबलेली आणि प्रसूती अडलेली. 1928 मध्ये त्यांनी यावर एक पुस्तक लिहिले. त्या काळी हिंदुस्थानातील मातामृत्यूंची चर्चा होई ती दाई, अस्वच्छता आणि बालविवाह यांच्या संदर्भात. घरातील काळोख हेही एक कारण आहे, हे सांगणारा आवाज बराच एकाकी होता.

आज पडदा पुष्कळ सैल झाला आहे, तरीही आकडे खालीच का, असा प्रश्न येथे येतो. त्याचे कारण असे की, पडद्याची जागा आता भिंतींनी, काचांनी आणि धुराने घेतली आहे. काचेतून ऊन आत येते, ऊबही येते. पण ‘ड’ तयार करणारे किरण काच अडवून धरते. दिल्लीत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सैन्यातील जवान आणि रुग्णालयातील डॉक्टर-परिचारिका यांची तुलना झाली. जवानांचे प्रमाण कितीतरी अधिक भरले. इतरांना औषध लिहून देणारेच अधिक तुटीत निघाले! दिल्लीतच 2002 मध्ये दोन वस्त्यांमधील तान्ह्या व रांगत्या मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. धुराने भरलेल्या मोरी गेट भागातील मुलांची सरासरी 12 च्या आसपास, तर त्या वेळी हवा तुलनेने स्वच्छ असलेल्या गुडगावातील मुलांची 27. दोन्ही ठिकाणची मुले एकाच अक्षांशावरची. पुण्यातील झोपडपट्टीतील मुलांच्या अभ्यासातही, बाहेर उन्हात खेळणारी आणि दिवसभर घरात ठेवली जाणारी मुले यांच्यांत असाच मोठा फरक आढळला. कामावर जाणारी आई रस्त्यावरील वाहनांच्या भयाने मूल आत कोंडून जाते. तिला दोष तरी काय म्हणून द्यावा?

आता त्वचेच्या रंगाचा विचार करू. आपल्या त्वचेतील काळसर रंगद्रव्य हे निसर्गाने दिलेले छत्रच होय. ते जंबुपार किरण शोषून घेते आणि त्वचेस होरपळण्यापासून वाचविते. पण त्यामुळे ‘ड’ तयार होण्यास गोऱ्या त्वचेपेक्षा पुष्कळ अधिक वेळ ऊन लागते. विषुववृत्ताजवळ, उघड्यावर राहणाऱ्यांचे यात काहीच अडत नाही. टांझानियातील मसाई गुराखी आणि हाडझा शिकारी यांची तपासणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची त्वचा गडद, तरीही त्यांची सरासरी 46 निघाली. म्हणजे काळा वर्ण हा स्वतः होऊन तुटीचे कारण नव्हे. गडद त्वचा घेऊन माणूस जेव्हा ढगाळ आकाशाखाली किंवा छपराखाली जातो, तेव्हा ती तुटीचे कारण होते. न्यूयॉर्कमध्ये निग्रो म्हटल्या जाणाऱ्या कुटुंबांच्या वस्तीत 1917 मध्ये हेस या डॉक्टराला मुडदूस घरोघर आढळला होता, तो याचमुळे.

इंग्लंडातील भाच्याचे कोडेही येथेच उलगडते. ब्रिटनमध्ये साधारण ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत सूर्य इतका तिरपा असतो की, भर दुपारी उघड्यावर उभे राहिले तरी त्वचेत ‘ड’ जवळजवळ तयार होत नाही. 1962 मध्ये डनिगन आणि त्यांचे सहकारी यांनी ग्लासगो येथील पाकिस्तानी वस्तीत वयात येणाऱ्या मुलामुलींना मुडदूस असल्याचे दाखवून दिले, तेव्हा तेथील वैद्यक जगताला धक्काच बसला. हा रोग देशातून गेला अशीच त्यांची समजूत होती. पुढे भारतीय घरांतही तो आढळला. दोष चपातीच्या कोंड्यात आहे की शाकाहारात, यावर पुष्कळ वर्षे वाद झाला. कोंड्यातील एक द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवते आणि त्याचे शोषण होऊ देत नाही, हे खरे. मांसाहारी मुलांत रोग कमी आढळे, हेही खरे. परंतु तेच लोक तीच चपाती पंजाबात खात होते आणि तेथे निभावत होते. ऊन कमी पडले तेव्हा आहारातील उणीव उघडी पडली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. 1979 मध्ये ग्लासगोत आशियाई मुलांना ‘ड’ जीवनसत्त्व मोफत देण्याची मोहीम निघाली आणि रोग झपाट्याने ओसरला. आज ब्रिटनचे आरोग्य खाते सर्वांनाच हिवाळ्यात रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 एकक, घेण्याचा सल्ला देते. भारतीय, आफ्रिकी वा अन्य गडद वर्णाच्या लोकांना ते वर्षभर घेण्याचा विचार करावा असे सांगते. परदेशी असलेल्या मुलाबाळांना पत्र लिहिताना वाचकांनी एवढे जरूर कळवावे.

उत्तर ध्रुवाकडील लोकांनी मात्र हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता. एस्किमो म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते इनुइट लोक सूर्याविना महिनेच्या महिने काढत आणि तरी तगून राहत, कारण मासे आणि सागरी प्राण्यांची चरबी हेच त्यांचे अन्न. दुकानातील डबाबंद पदार्थ त्यांच्या ताटात आले, तसा मुडदूसही त्यांच्या मुलांत येऊ लागला.

बाईंचा दुसरा प्रश्न आकड्याचा. 30 हा आकडा वेदवाक्य नव्हे. अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने 2011 मध्ये 30 चा आग्रह धरला होता. त्याच संस्थेने 2024 मध्ये नवे मार्गदर्शन देताना तो सोडून दिला आणि निरोगी प्रौढांनी उगाच ही तपासणी करू नये असेही म्हटले. अमेरिकेतील वैद्यक संस्थेच्या तज्ज्ञमंडळाचा निष्कर्ष असा होता की, हाडांपुरते पाहिले तर सरासरी माणसास 16 पुरेसे होते आणि 20 असल्यास जवळजवळ सर्वांचीच गरज भागते. 12 च्या खाली मात्र धोका स्पष्ट असतो. कोणती रेषा धरावी यावर देशाचे चित्र कसे पालटते पाहा. 2016 ते 2018 या काळात झालेल्या आपल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 12 ही रेषा धरली होती, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत 14 टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत 18 टक्के आणि किशोरवयीनांत 24 टक्के तूट निघाली. ही संख्या लहान नाही. पण 30 ची रेषा ओढून ‘सारा देश आजारी’ म्हणणाऱ्या जाहिरातींशीही ती जुळत नाही.

बरे, एकच रेषा सर्व मानवजातीला लावता येते काय? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या रक्तात ‘ड’चे प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरेच कमी असते, तरीही त्यांची हाडे अधिक घट्ट आणि अस्थिभंग कमी. शरीर उपलब्ध कॅल्शियम अधिक काटकसरीने वापरते, असा याचा एक उलगडा केला जातो. याउलट नायजेरियातील जोस भागात ऊन मुबलक असून मुलांना मुडदूस होतो. तेथे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग उद्बोधक आहे. त्या मुलांच्या आहारात दिवसाकाठी जेमतेम 200 मिलिग्रॅम कॅल्शियम होते. ज्यांना नुसते ‘ड’ दिले त्यांच्यापैकी पाचातला एकच बरा झाला. ज्यांना कॅल्शियम दिले, मग त्यासोबत ‘ड’ असो वा नसो, त्यांच्यातील पाचांपैकी तिघे सुधारले. दाराशी कडी वाजविणारा आला, पण कोठारच रिकामे, अशी ती गत. आमच्या मते भारतीय कुटुंबांनी नाशिकइतकाच जोसचा धडाही लक्षात ठेवावयास हवा. दूध, दही, तीळ, नाचणी, पालेभाज्या यांचा विसर पडलेल्या घरात ‘ड’च्या गोळ्यांनी अर्धेच काम होते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. प्रौढाची दिवसाची गरज आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये 1000 मिलिग्रॅम ठरविली आहे. नाचणी आंबवून आंबील केली की कॅल्शियमला बांधणारे द्रव्यही कमी होते. आजीबाईंना हे रसायन माहीत नसेल, पण त्यांच्या हातून ते घडत होते.

हाडांपलीकडे जाऊन मधुमेह, हृदयविकार, क्षय, कर्करोग या सर्वांचे खापर ‘ड’च्या तुटीवर फोडण्याची गेल्या वीस वर्षांत चालच पडली. त्याची कसून परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत 25,871 प्रौढांवर, ज्यांत पाच हजारांहून अधिक कृष्णवर्णीय होते, रोज 2000 एकक देऊन पाच वर्षे प्रयोग चालला. हृदयविकार आणि कर्करोग होण्याचे प्रमाण घटले नाही, असे 2018 मध्ये जाहीर झाले. अस्थिभंगही कमी झाले नाहीत. यावर कोणी म्हणेल की, त्या लोकांना मुळात फारशी तूट नव्हतीच. तर मग मंगोलिया पाहा. कडाक्याच्या थंडीच्या उलानबाटर शहरात 8,851 शाळकरी मुलांना, ज्यांच्यापैकी बहुतेक सर्व खऱ्या अर्थाने तुटीत होती, तीन वर्षे दर आठवड्यास ‘ड’ दिले गेले. रक्तातील आकडे वर चढले, पण क्षयाचा संसर्ग टळला नाही, असे 2020 मध्ये निष्पन्न झाले. तेव्हा हाडांसाठी ‘ड’ अवश्य घ्यावे. सर्वरोगहर म्हणून मात्र घेऊ नये.

इंदूरच्या सूनबाईंबद्दल सांगावयाचे तर, 14 हा आकडा घाबरून जाण्यासारखा नाही आणि दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. एरवी एखाद्या धडधाकट तरुण पुरुषाचा तो असता, तर आम्ही ‘दुपारी जरा बाहेर पडा’ एवढेच म्हटले असते. पण गर्भातील बाळ आपला ‘ड’चा साठा आईकडूनच नेते, आणि पुढे आईच्या दुधातही तो अत्यल्पच उतरतो. म्हणून त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधी मात्रा सुरू करावी, कॅल्शियम पुरेसे आहे ना ते पाहावे, आणि बाळ जन्मल्यावर त्यास पहिले वर्षभर रोज 400 एककांचे थेंब द्यावेत. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांची शिफारस तशीच आहे. मोठ्यांसाठी रोजची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेने 600 एकक धरली आहे. ती केवळ अन्नातून भागविणे शाकाहारी घरास बहुधा साधत नाही. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे आणि अंड्यातील बलक यांत ‘ड’ असते. दुधात निसर्गतः नसल्यासारखेच, परंतु पिशवीवर पोषणयुक्त असल्याची निळी ‘+एफ’ खूण असेल, तर त्यात ते मिसळलेले असते.

राहता राहिले ऊन. तान्ह्या बाळास तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात घेऊन बसण्याची आपली चाल सुखद आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही; पण सातच्या उन्हात ‘ड’ तयार करणारे किरण फारसे नसतात, हे जाणून असावे. ते किरण केव्हा पुरेसे आहेत याची एक सोपी खूण आहे. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडली की ते असतात, म्हणजे सुमारे अकरा ते तीन. पुण्यातील पुरुषांच्या अभ्यासात, या भर उन्हाच्या वेळेत रोज तासभर किंवा अधिक बाहेर असणाऱ्यांचेच प्रमाण 20 च्या वर टिकलेले आढळले. वैशाखात हे कोणी करावे असे आम्ही सुचविणार नाही. परंतु कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत वाल, पापड, चिकवड्या राखण्याच्या निमित्ताने गच्चीवर बसणाऱ्या बायका औषधाशिवाय औषध घेत असत. उन्हाने ‘ड’चा अतिरेक होत नाही, गरजेपेक्षा जास्त झाले की त्वचा ते स्वतःच निष्क्रिय द्रव्यांत बदलून टाकते.

पुडीचे तसे नाही. बाजारात मिळणारी 60,000 एककांची पुडी आठवड्यातून एकदा, तीही ठराविक आठवडेच, घ्यावयाची असते. ती रोजची समजून दुधात घालून घेतली जाते, किंवा एकाला लिहून दिलेली घरातील सर्वांना वाटली जाते, आणि काही आठवड्यांनी मळमळ, तहान, बद्धकोष्ठ, ग्लानी सुरू होते. रक्तात कॅल्शियम साचून मूत्रपिंडास इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत. घरात अशी पुड्यांची पेटी असल्यास तिच्यावर घेण्याचा वार आणि घेणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत लिहून ठेवावे, आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच फळीवर ठेवावी.